तीनची मीटिंग

“मागून ये! अरे मागून ये, डोक्यात घाल त्याच्या!”

एवढं माइकमध्ये बोलून मी मान वळवली, तर दारात सासूबाई. हातात ताकाचा पेला.

“काय गं केतकी, कुणाच्या डोक्यात घालायचंय?”

“ते... साहेबांना सांगत होते, आई. क्लायंटच्या डोक्यात घाला म्हणून. मुद्दा. मुद्दा नीट डोक्यात घाला.”

“आणि मागून कशाला?”

“मागून म्हणजे... नंतर. मेलवर.”

“बरं बरं.” त्यांनी पेला टेबलावर ठेवला आणि माझ्या मांडीवरच्या ओढणीकडे एकदा बघितलं. ओढणीखाली माझे दोन्ही हात होते आणि हातांत कंट्रोलर. “थंडी वाजतेय काय?”

“पंखा मोठा आहे ना.”

एप्रिल महिना होता. सांगलीत एप्रिलच्या दुपारी थंडी वाजलेली मी बहुधा पहिलीच बाई. पण त्या आल्या पावली वळल्या. दार लोटून घेतलं, तेही आवाज न करता, कारण पलीकडच्या खोलीत आठ महिन्यांचा विहंग झोपला होता.

आता विहंग चौथीत आहे आणि ही गोष्ट त्याला तोंडपाठ आहे. त्याच्या तोंडून ती ऐकणाऱ्यांना आजी थोर आणि आई बावळट वाटते. त्यात फारसं चूक नाही, तरी माझ्या बाजूनं एकदा सांगून टाकते. तो क्लासहून येईस्तोवर तासभर आहे.

मी तेव्हा एका विमा कंपनीचं अर्ध्या दिवसाचं काम घरून करायचे. ते एक वाजता संपायचं. घरात मात्र मी सांगून ठेवलं होतं की रोज दुपारी तीन ते साडेतीन आमची रिव्ह्यू मीटिंग असते. मीटिंग वगैरे काही नव्हती. त्या अर्ध्या तासात मी ‘सात बुरूज’ खेळायचे.

खेळ सोपा होता. चौघांचा एक गट, समोर चौघांचा दुसरा, मध्ये एक मोठा किल्ला. वीस मिनिटांच्या शेवटी ज्याच्याकडे सातातले चार बुरूज, तो जिंकला. त्यात माझं नाव ‘घोरपड’. कारण दोर न लावता तट चढून जाणं ही माझी खासियत. अकरा वर्षं मी त्या नावानं खेळत होते. कॉलेजात होते तेव्हापासून. लग्न झालं, आडनाव बदललं, बाळंतपण झालं, ओळखीचे कपडे अंगाला येईनासे झाले. घोरपड तेवढी होती तशी होती.

शिवाय मी नव्या खेळांवर लिहायचे. नेटवर ‘दुपारचा डाव’ नावाचं माझं पान होतं आणि माझी गुण देण्याची पद्धत वेगळी होती. मी खेळ झोपांमध्ये मोजायचे. माझ्या नाही, विहंगच्या. त्याच्या झोपेत खेळ जेवढा नीट बसेल, तेवढ्या जास्त झोपा. त्या वर्षी एक खेळ आला होता, जंगलात हरवलेल्या मुलीचा. चित्रं अशी की बघत राहावं. पण तो मधेच थांबवून जतन करायचा तर शेकोटी शोधावी लागायची, आणि शेकोटी सापडेपर्यंत लेक जागा. मी लिहिलं, ‘सुंदर. पण आमच्या घरात शेकोटी नाही, घड्याळ आहे. पाचपैकी एक झोप.’ दुसरा एकट्यानंच खेळायचा, तरी त्याला सतत नेट लागायचं: ‘घरात एकटीच बसलेय, आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी बेल वाजवून विचारतंय, तुम्हीच आहात ना?’ तिसरा घाईघाईनं बाजारात आणलेला: ‘पहिल्या झोपेत अपडेट. दुसऱ्या झोपेतही अपडेट. तिसऱ्या झोपेत नायक कमरेपर्यंत जमिनीत रुतलेला. आमच्याकडे पाहुण्यांना कच्चं वाढत नाहीत.’

वाचणाऱ्यांना वाटायचं, झोप म्हणजे माझी वामकुक्षी. मीही खुलासा केला नाही.

हे सगळं सासूबाईंपासून लपवायचं कारण मुंग्या. मगदूमांच्या, म्हणजे माझ्या सासरच्या, जैन घरात मुंगी मारत नाहीत. ओट्यावर रांग लागली की सासूबाई हळदीची रेघ ओढतात आणि रांगेला वळवून खिडकीचा रस्ता दाखवतात. शेवटची मुंगी बाहेर पडेपर्यंत उभ्या राहतात. अशा घरात सुनेनं दुपारी तीन वाजता माणसांच्या डोक्यात घाला म्हणून ओरडायचं, हे कुठल्या तोंडानं सांगणार? नवऱ्याला, सम्मेदला, माहीत होतं. तो म्हणायचा, “आईला सांगून टाक.” मी म्हणायचे, “तू सांग.” मग तो कामावर जायचा.

सासूबाईंनी एकतीस वर्षं एसटी स्टँडवर नियंत्रण कक्षात काढली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, किती मिनिटं उशिरा, कुणी कुणाला वाट द्यायची, सगळं त्या काचेमागून बघायच्या आणि माइकवर सांगायच्या. निवृत्त झाल्या तरी घड्याळ अंगातून गेलं नव्हतं. जेवायला बोलवायच्या तेसुद्धा “आमटी तयार आहे, पाच मिनिटांत सुटेल” असं. आणि नातवाचं वेळापत्रक त्यांच्या हातात.

त्यावरूनच आमची एकमेव धुसफूस होती. जगभर तान्ह्या पोरांची आंघोळ सकाळी होते. आमच्याकडे दुपारी दोनला. पावणेदोनला तेल लावून रगडणं, दोनला आंघोळ, मग वेखंड, धुरी, दुपट्यात करकचून बांधणं. समोरच्या पाटोळेकाकू रोज न चुकता म्हणायच्या, “कुमुदताई, दुपारी दोनला कसली हो आंघोळ?” सासूबाई एक दिवस सांगायच्या, “दोनला ऊन चांगलं असतं.” दुसऱ्या दिवशी, “सकाळी पाण्याला जोर नसतो.” तिसऱ्या दिवशी, “त्याला आवडतं.” मी माहेरी फोन करून कुरकुरले होते, हटवादीपणा म्हणजे किती असावा, कारणसुद्धा धड एक नाही.

इकडे माझ्या गटातही मी खोटं बोलत होते. गटात तिघं. जयसिंगपूरचा एक कॉलेजातला पोरगा, नाव घेतलं होतं ‘भडंग’. नांदेडचे एक दाताचे डॉक्टर, ते ‘दंतकथा’. आणि ‘मौनी’ म्हणून कुणीतरी, जो वर्षभरात एक अक्षर बोलला नव्हता. त्यांना बाळाचं माहीत नव्हतं. आधीच्या गटात मी पोटुशी असताना सांगून बसले होते. सगळ्यांनी अभिनंदन केलं आणि आठवड्याभरात माझ्या जागी दुसरा घेतला. ‘तुम्हाला आता आराम पाहिजे ताई.’ तेव्हापासून विहंग मध्येच उठला की मी डाव टाकून पळायचे आणि दुसऱ्या दिवशी म्हणायचे, नेट गेलं.

“ओ घोरपडताई,” भडंग विचारायचा, “तुमचं नेट दर वेळी सव्वातीनलाच कसं काय जातंय? भूक लागतीया काय त्याला?”

गटाचं मी निभावून नेत होते. पण खेळ चालवणाऱ्यांचा एक नियम होता. डाव अर्धा टाकून गेलं, किंवा मिनिटभर नुसतं उभं राहिलं, की नावापुढे एक पळता ससा लागायचा. असे पाच ससे झाले की खातं कायमचं बंद. थांबवायची सोय नव्हतीच. मी त्याच्यावर तीन लेख लिहिले होते. माझे ससे त्या एप्रिलमध्ये चार झाले.

मी मदत केंद्राला लिहिलं, की माझी अडचण अशी आहे की मला लहान बाळ आहे. दोन मिनिटांत उत्तर आलं. ‘तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो. बाळ ही अडचण दूर करण्यासाठी कृपया उपकरण बंद करून दहा सेकंदांनी पुन्हा सुरू करा.’ मी पुन्हा लिहिलं, बाळ बंद होत नाही. उत्तर आलं, ‘बाळाची नवी आवृत्ती उपलब्ध आहे का ते तपासा.’

सम्मेद म्हणाला, “दोन वर्षांनी बघू.”

म्हणजे एक ससा उरला होता. शहाण्या बाईनं खेळायचं सोडलं असतं. मी दोन दिवस सोडलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता कपडे घड्या करत बसले, आणि दुपटी संपली तरी माझे हात तशाच घड्या घालत राहिले. चौथ्या दिवशी परत बसले. म्हटलं, हल्ली झोपतो की तीन ते साडेतीन ढाराढूर. देवाच्या कृपेनं.

त्या दिवशी इमारतीची पाण्याची मोटर बिघडली. सगळीकडे बादल्यांचा खडखडाट. मला त्यात काही विशेष दिसलं नाही. सासूबाई मात्र दीड वाजल्यापासून जिन्यात उभ्या राहून मोटरवाल्याला झापत होत्या. “अहो, किती वाजता येईल ते नेमकं सांगा. ‘येईल’ म्हणजे वेळ झाली का?” पाणी आलं अडीचला. विहंग झोपला तीनच्या ठोक्याला. मी तीनला खोलीत शिरले, ओढणी पसरली, हेडफोन लावला.

डाव छान लागला होता. आठव्या मिनिटाला मी मधला उंच बुरूज चढून वर पोचले. तिथून अख्खा किल्ला दिसतो. समोरचे चौघं लाल ठिपक्यांसारखे, आपले निळे. एक बुरूज आमचा, चार त्यांचे. भडंग पुलावर दोनदा मरून परत आला होता आणि तिसऱ्यांदा तिथंच निघाला होता.

आणि पलीकडून आवाज आला. आधी नुसतं ‘अं’. मग सायरन.

मी मान वळवेपर्यंत सासूबाई त्याला घेऊन दारात. तो लालबुंद, दोन्ही हात माझ्याकडे.

“माझ्याकडं राहीना. याला तूच पाहिजेस.”

मी पडद्याकडे बघितलं. खालच्या कोपऱ्यात आकडे उलटे पळायला लागले होते. हालचाल करा: बावन्न, एक्कावन्न. मी विहंगकडे बघितलं. त्याच्या खालच्या हिरडीवर दाताचं पांढरं टोक दिसत होतं आणि नाकातून शेंबूड. विचार करायला फार वेळ लागला नाही. अकरा वर्षं गेली, असं मनात म्हटलं आणि हेडफोन काढून ठेवला.

“आणि मीटिंग?” सासूबाईंनी विचारलं.

“राहू दे, आई.”

“राहू दे काय? मीटिंगमधून न सांगता उठायचं नसतं. सर तिकडं.”

त्यांनी पोरगं माझ्या हातात दिलं, चष्मा नाकावर सारला, हेडफोन अंबाड्याच्या वरून नीट बसवला आणि माझ्या खुर्चीत बसल्या. मला थांबवायची सवडच मिळाली नाही. विहंगनं माझा गळा धरला होता.

मी पलीकडच्या खोलीत जाऊन पाजायला बसले. दार उघडंच होतं. मला ऐकू येत होता तो फक्त सासूबाईंचा आवाज.

“हॅलो. नमस्कार. मी कुमुद मगदूम बोलतेय, केतकीची सासू. ती बाळाला पाजायला गेलीय. पंधरा मिनिटांत येईल. तोवर काय असेल ते मला सांगा.”

मी डोळे मिटून घेतले.

“हो, बाळ... आठ महिन्यांचा. का? तिनं सांगितलं नाही?... नेट? आमचं नेट कधी जात नाही हो. घरापर्यंत वायर आणलीय.”

संपलं. घरातलं खोटं आणि बाहेरचं खोटं, दोन्ही एका मिनिटात निकालात.

“आपण कोण?... भडंग? हे आडनाव झालं काय?... आणि तुम्ही? दाताचे डॉक्टर! बरं झालं भेटलात. आमच्या बाळाला दोन दिवस दात... काय? काय हलवू? हे? हे बोंडुक?... हलवलं. हं, आता फिरतंय सगळं.”

मी श्वास सोडला. आकडे थांबले असणार. विहंग पिता पिता माझी बांगडी फिरवत होता.

“मारायचं? कुणाला?... लाल ठिपक्यांना? का बरं? त्यांनी काय केलंय?... नाही नाही. मी या खुर्चीत आहे तोवर मारामारी चालणार नाही. आधी मला सांगा, मुळात करायचंय काय?... सात बुरूज आहेत. त्यातले चार घ्यायचे. जाऊन थोडा वेळ उभं राहिलं की आपला झाला. एवढंच? मग यात मारामारी मधे कुठून आली?”

बहुधा पलीकडे भडंगला अकरा वर्षं जुन्या खेळाचं तत्त्वज्ञान पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं.

मग खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला, आणि सासूबाईंचा आवाज बदलला. तो आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. सपाट, सावकाश, नाकातून थोडा, आणि शेवटच्या बाकावरच्या माणसाला कळेल असा.

“इकडं लक्ष द्या. भडंग. उत्तरेचा बुरूज मोकळा आहे, तिकडं निघा. पुलावर तीन लाल उभे आहेत, पुलावरून जायचं नाही. ओढ्याच्या बाजूनं वळा. डॉक्टर, तुम्ही आहात तिथंच थांबा. एक लाल तुमच्या अंगावर येतोय. येऊ द्या... भिंतीला लागा... गेला? आता सुटा. दक्षिणेचा घ्या. भडंग, हातातलं ते खाली करा. मारू नका म्हटलं ना. त्याला जाऊ दे, त्याला त्याच्या कामाला जायचंय. मौनी कोण? बोलत नाही? नका बोलू. पश्चिम मोकळी आहे, निघा.”

विहंग प्यायचा थांबला. दाराकडे बघून ऐकायला लागला. मग पुन्हा चिकटला.

“लाल लोक आता उत्तरेला निघालेत. भडंग, तो सोडा. सोडा हो, जीव अडकवू नका. ते चौघं तिकडं पोचेपर्यंत पूर्वेचे दोन्ही रिकामे. डॉक्टर पहिल्यावर, मौनी दुसऱ्यावर. शाब्बास. आता लाल परत फिरतील. फिरले. भडंग, उत्तर परत मोकळी. जा.”

आणि मला मुंग्या दिसल्या. ओट्यावरची ती रांग, हळदीची रेघ, आणि शेवटची बाहेर पडेपर्यंत उभ्या असलेल्या सासूबाई.

विहंग झोपला होता. मी त्याला खांद्यावर घेऊन उठले तर सासूबाई दारात, हेडफोन गळ्यात.

“संपली मीटिंग.”

“काय झालं?” मी विचारलं.

“जिंकलो म्हणे. पाच बुरूज. एकालाही न मारता. तो जयसिंगपूरचा पोरगा रडायला आला होता. आणि तो मुका बोलला शेवटी.”

“मौनी? काय बोलला?”

“‘थँक्यू काकू.’ चांगला आवाज आहे, बोलायला काय झालं असतं.”

मी खाली बघितलं. “आई, ती मीटिंग म्हणजे...”

“मला माहीत आहे.”

“कधीपासून?”

“दुसऱ्या आठवड्यापासून. मीटिंगमध्ये माणूस जांभया देतं गं. तू हसत असायचीस.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलले असते तर तू बंद केलं असतंस.” त्यांनी विहंगच्या पाठीवरून हात फिरवला. “पूर्वीसारखी हसलेली तेवढीच दिसायचीस दिवसभरात. आज माझी चूक झाली. पाणी अडीचला आलं, तिथंच मला कळलं होतं आज गाडी चुकणार. आंघोळीनंतर अर्ध्या तासानं हा डोळे मिटतो आणि पुढचा अर्धा तास कच्चा झोपतो. तुझी तीनची पक्की पाहिजे तर दोनच्या पुढं जाऊन चालत नाही. सकाळी घालून तर उपयोगच नाही.”

एवढं बोलून त्या ताक करायला गेल्या. मी विहंगला घेऊन तशीच उभी राहिले. ऊन, पाण्याचा जोर, त्याला आवडतं. देवाची कृपा.

त्या संध्याकाळी मी माझ्या पानावर पहिल्यांदाच झोप म्हणजे काय ते लिहिलं, आणि ‘सात बुरूज’ला गुण दिले: ‘थांबवता येत नाही म्हणून शून्य. घरात कुमुद मगदूम असतील तर पाच.’ दुसऱ्या दिवशी आठ-दहा आयांनी विचारलं की या कुठं मिळतात.

आणि दुसऱ्याच दिवशी पावणेदोनला पाटोळेकाकू कढीपत्ता मागायला दारात आल्या. आत मोरीत विहंग तेलानं चकचकीत होऊन सासूबाईंच्या पायांवर पालथा पडला होता.

“बघ बाई,” काकू मला म्हणाल्या, “तू तरी सांग तुझ्या सासूला. दुपारी दोनला कसली आंघोळ?”

मी कढीपत्त्याची काडी त्यांच्या हातात दिली आणि चेहरा गंभीर केला.

“काकू, दोनचीच बरोबर आहे. तीनला आमची मीटिंग असते.”

“आमची? म्हणजे आणि कुणाची?”

मोरीतून पाण्याचा तांब्या आपटल्याचा आवाज आला, आणि मग तो सपाट, सावकाश, थोडा नाकातून येणारा आवाज जिन्यापर्यंत गेला.

“दाराशी उभ्या असलेल्यांनी कृपया बाजूला व्हावे. दोनची आंघोळ वेळेवर सुटत आहे.”